ओसाड वास्तू आणि कॅमेरा

संपादक महोदय,

ओसाड वास्तूंच्या छायाचित्रणात शोध ही केवळ सामग्री असून कला नंतरच्या संस्करणात जन्मते, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन ज्या डेट्रॉइटच्या मिशिगन सेंट्रल स्थानकावर उभे आहे, त्याच उदाहरणाने ते ढासळते. हे स्थानक कायमचे मृत झालेले नाही: १९८८मध्ये तेथून शेवटची गाडी सुटली हे खरे, परंतु २०१८मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतले आणि जीर्णोद्धारानंतर २०२४मध्ये ते पुन्हा खुले झाले. एचडीआर तंत्राने, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-अधिक एक्सपोजरने टिपलेल्या प्रतिमा एकत्र करून, भिंतींचे पोपडे झळाळवता येतात. मात्र शहराचा ऱ्हास कशामुळे झाला हे त्यातून कळत नाही, आणि चौकटीबाहेर राहिलेले रहिवासी लेखातही बाहेरच राहिले आहेत. छायाचित्रकार कामिलो होसे व्हेर्गारा यांनी मात्र अमेरिकी शहरांतील त्याच त्या जागा अनेक दशके पुनःपुन्हा टिपल्या. तेथे शोध परत जाण्यात आहे आणि रचनेची दृष्टीही त्या परतण्यातूनच घडते. विनापरवाना प्रवेशाला लेखात दिलेले 'साहस' हे नाव (कुजलेली फळी पायाखाली मोडताना ते उपयोगी पडत नाही) पुढील अंकात मागे घेतले जावे.

एक वाचक, पुणे