चालता चालता बंद पडणारी स्कूटर

आपल्या वस्त्यांत, चाळींच्या जिन्याखाली अजूनही जुनी चेतक उभी दिसते. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून ही स्कूटर निघू लागली. पुढे कितीतरी वर्षे नंबर लावून ती घ्यावी लागे. २००९ साली कंपनीने स्कूटर बनविणेच थांबविण्याचे ठरविले. २०२० पासून चेतक नावाने जी मिळते ती विजेवरची. म्हणजे जुनी चेतक जपायची तर ती आपली आपणच समजून घेतली पाहिजे.

साफ बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. छळते ती कधी चालणारी, कधी बंद पडणारी. घरून निघताना एका किकमध्ये सुरू होते, चार-पाच किलोमीटरवर आचके देते आणि बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे थांबले की पुन्हा निमूट चालते. मेकॅनिककडे नेली तर तिथे काहीच बिघाड दाखवीत नाही. मग अंदाजाने प्लग बदलतात, पुढल्या आठवड्यात कॉइल, त्याच्या पुढल्या आठवड्यात आणखी काही. कामाचा खाडा होतो, महिन्याचा हिशेब कोलमडतो आणि खोड तशीच राहते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पैसा खर्च करण्याआधी खूण शोधा.

पहिला प्रश्न असा, करंट जातो की पेट्रोल? याचे उत्तर गाडी बंद पडते त्याच जागी मिळते, घरी आल्यावर नाही. म्हणून डिकीत प्लग पाना, जुना पण चांगला प्लग आणि कापडाचा तुकडा असू द्यावा. गाडी बंद पडताच आधी टाकीचे झाकण उघडून लावावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर पेट्रोल खाली उतरत नाही, आणि झाकण उघडताच गाडी सुरू होते. तसे झाले तर दोष करंटचा नाही.

तसे झाले नाही तर प्लग काढावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर बहुधा करंटच गेला आहे. मग जवळचा चांगला प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंड इंजिनच्या धातूला टेकवावे आणि किक मारावी. ठिणगी निळी, कडक पडली पाहिजे. पिवळी, अशक्त किंवा मुळीच नसेल तर दोष करंटच्या वाटेवर आहे. हे करताना प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नये, सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि विडी-काडी दूर ठेवावी. चालू इंजिनवर प्लगची टोपी उपसू नये. झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक गाडीचा डबा जळू शकतो.

आता खुणा पाहू. चेतकचे इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली हलते, म्हणून इंजिनमधून निघणाऱ्या वायरी रोज वाकतात. खड्ड्यात गाडी आचका देत असेल तर वायर आतून तुटलेली किंवा सोललेली समजावी. पावसात, धुतल्यावर बंद पडत असेल तर प्लगची टोपी आणि जाड वायर पाहावी. अंधारात इंजिन चालू ठेवून हात न लावता पाहिले तर फुटलेल्या वायरीतून ठिणग्या उडताना दिसतात. गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर.

पॉइंटच्या जुन्या गाडीत मॅग्नेटवरचे पत्र्याचे झाकण काढले की खिडकीतून पॉइंट दिसतात. पूर्ण उघडल्यावर फट ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावी. प्लगची फट ०.६ च्या आसपास. पॉइंटवर खड्डे पडले असतील, किक मारताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर बदलावा. तो स्वस्त असतो. पॉइंट तेलकट असतील तर नुसते पुसून भागत नाही, क्रँकचे सील गळत आहे काय ते पाहावे.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चेतकचा करंट मॅग्नेटमधून येतो आणि गाडी बंद करण्याची कळ तो अर्थ करून मारते. कळ बिघडली, तिची वायर कुठे सोलून पत्र्याला लागली, की चालती गाडी आपोआप बंद होते. ती वायर सुटी करून, तिचे तोंड चिकटपट्टीने झाकून गाडी चालवून पाहावी. खोड गेली तर नवा भाग घेण्याचे कारणच उरत नाही. मात्र या चाचणीत कळीने गाडी बंद होणार नाही, तेव्हा गिअरमध्ये ब्रेक दाबून हळू क्लच सोडावा.

इलेक्ट्रॉनिक गाडीला पॉइंट नसतात. तिथे आधी वायरींची टोके घासून घट्ट करावीत. मग त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा डबा लावून गाडी गरम होईपर्यंत चालवावी. तरीही बंद पडली तर आपला डबा निर्दोष, मॅग्नेटखालील कॉइल तपासावी.

शेवटी एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी: तारीख, किती अंतरावर बंद पडली, गाडी गरम की थंड, ठिणगी कशी होती. ही नोंद घरातल्या मुलामुलींकडून लिहून घ्यावी, म्हणजे शोधण्याची ही रीत त्यांनाही येईल. ती वही घेऊन मेकॅनिककडे गेलात की तो अंदाजाने सामान लिहून देणार नाही, आणि कष्टाचा पैसा जिथे लागायला हवा तिथेच लागेल.