शेवटच्या गाण्यानंतरचा रस्ता

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांची कॅफे झाली आणि त्यांच्या अंगणात शनिवारी संध्याकाळी एखादा स्थानिक बँड वाजू लागला, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. चाळीस-पन्नास खुर्च्या, दोन स्पीकर, मधूनच कॉफीच्या यंत्राची फुसफुस. नवं गाणं पहिल्यांदा अनोळखी माणसांपुढे वाजवून बघायचं तर याहून चांगली जागा नाही. पण या छोट्या मैफलीचा हिशोब बिघडतो तो गाणं संपल्यावर. तिकडे कॅफेमालकाचं लक्ष नसतं आणि महापालिकेचंही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. बंदिस्त सभागृहाला यातून सवलत आहे, अंगणाला किंवा गच्चीला नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करता नियम योग्यच आहे. म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं होतं आणि श्रोते बिल देऊन उठतात. बँडचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. वायरी गुंडाळायच्या, अँप उचलायचे, ड्रम सुटे करून पिशव्यांत भरायचे आणि मग पैशांसाठी काउंटरपाशी थांबायचं. निघेपर्यंत अकरा वाजतात आणि मेट्रोही साधारण तेव्हाच थांबते. ती चालू असती तरी बास ड्रम आणि झांजांचे स्टँड घेऊन तिच्यात चढणार कोण? रात्रीच्या टॅक्सीत मानधनाचा मोठा तुकडा जातो. त्यामुळे ज्याच्याकडे गाडी, त्याचं बँडमधलं स्थान पक्कं. कॅफेंमध्ये ड्रमऐवजी काहोन ही बसून वाजवायची लाकडी पेटी इतकी दिसते, त्याला आवाजाइतकंच गाडीच्या डिकीचं मापही कारण आहे.

पूर्वीच्या मैफलींपुढचा हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात शेवटचं सत्र रात्रभर चाले. श्रोते शाली पांघरून पहाटेपर्यंत बसत आणि उजाडल्यावर घरी जात. ध्वनिवर्धकांवर वेळेचं बंधन आलं आणि ती रीत मोडली. मैफल अलीकडे सरकली, पण तिच्यानंतरच्या प्रवासाची सोय त्या वेगाने झाली नाही.

या प्रवासाची किंमत मराठी रंगभूमीला चांगली ठाऊक आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये वाईहून मुंबईला परतताना अभिनेत्री भक्ती बर्वे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच मार्गावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. अपघातांची कारणं वेगवेगळी होती, पण कलाकाराचं काम पडद्यापाशी संपत नाही हे या क्षेत्राला पुन्हा पुन्हा कळलं. दौऱ्यावरच्या नाटकाला निदान बस असते आणि ती चालवायला वेगळा माणूस असतो. बँडची गाडी मात्र बहुधा दोन तास ड्रम बडवलेला मुलगाच चालवतो. त्याने दुपारी साउंडचेकच्या आधी जेवण केलेलं असतं आणि त्यानंतर कॉफीच घेतलेली असते.

यावरचे उपाय फार खर्चिक नाहीत. कॅफेने एक साधा ड्रमसेट आणि दोन अँप कायमचे ठेवले, तर वादक गिटार पाठीला लावून मेट्रोने किंवा दुचाकीने येऊ शकतो. ड्रमवाल्याला आपल्या काठ्या आणि झांजा आणल्या की पुरे. इतका खर्च आम्हाला कुठून परवडणार, असं मालक म्हणतील. पण असा ड्रमसेट जुन्या बाजारातही मिळतो, आणि सामान तयार मिळालं की त्या जागी वाजवायला बँड आपणहून येतात. शिवाय संगीताच्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. म्हणजे बँडच्या जेवणाचे आणि टॅक्सीचे पैसे तिकिटात धरूनही ते आवाक्यात राहू शकतं.

दुसरा उपाय वेळेचा. साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपणारी गिग पुण्यात कुणाला विचित्र वाटायचं कारण नाही. इथे नाटकाचे दुपारचे प्रयोग भरतात. लवकर संपलं तर कॅफेला रात्रीच्या जेवणाची गर्दी वेगळी मिळते. चिंचवडहून आलेल्या मुलीला शेवटची दोन गाणी सोडून उठावं लागत नाही. ड्रमवालाही नऊ वाजता, डोळे उघडे असताना गाडी चालवतो.

महापालिकेला आणि मेट्रोला करण्यासारखं तिसरं काम आहे. शनिवार-रविवारी मेट्रो मध्यरात्रीपर्यंत चालवून बघावी आणि स्थानकांवरून उपनगरांत जाणाऱ्या बस त्या वेळेशी जोडाव्यात. तोवर कॅफेमालकांनी एवढं तरी करावं: पोस्टरवर कार्यक्रम सुरू होण्याच्या वेळेशेजारी संपण्याची वेळ छापावी, आणि तिच्याखाली जवळच्या स्थानकावरून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची.