मौनाला संमती मानणारी वसुली

एखाद्या साप्ताहिकाची वर्गणी संपत आली की पूर्वी वेष्टणावर एक छापील चिठ्ठी चिकटवलेली येत असे : ‘या अंकाबरोबर आपली वर्गणी संपत आहे.’ अंक हवा असेल तर वाचक मनीऑर्डर करी, नको असेल तर गप्प बसे. गप्प बसणे याचा अर्थ नकार असा होता, आणि वर्गणीदार टिकविण्याची जबाबदारी साप्ताहिकाची होती. आज सॉफ्टवेअरच्या बाजारात हाच ‘वर्गणी’ शब्द रूढ आहे. परंतु त्याचा अर्थ नेमका उलटा झाला आहे. ग्राहक गप्प बसला की त्याचा होकार गृहीत धरला जातो आणि पुढील महिन्याचे पैसे त्याच्या खात्यातून आपोआप वळते होतात.

हा प्रश्न केवळ सुखवस्तू शहरी ग्राहकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके जुळवून देणाऱ्या डीटीपी चालकाचा विचार करावा. सॉफ्टवेअर हे त्याचे हत्यार आहे. पूर्वी पेजमेकरसारखे सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की वर्षानुवर्षे चाले. पुढे पेजमेकरची मालकी असलेल्या अ‍ॅडोबी कंपनीने २०१३ साली जाहीर केले की, आपल्या आरेखनाच्या सॉफ्टवेअर-संचाच्या नव्या आवृत्त्या यापुढे कायमच्या परवान्याने मिळणार नाहीत, वर्गणीनेच मिळतील. म्हणजे कारागिराचे हत्यार त्याच्या मालकीचे न राहता खंडाने घेतलेले झाले. खंड थकला की हत्यार बंद. आणि त्याच हत्याराने स्वतः केलेले जुने काम उघडण्याचीही पंचाईत.

वर्गणीची पद्धतच मुळात अन्यायाची आहे, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. सॉफ्टवेअर सुरक्षित ठेवणे आणि माहितीचा साठा सांभाळणे यांचा खर्च दरमहा होतो. एकरकमी मोठी किंमत न परवडणाऱ्याला हप्त्याने दार उघडते, हेही खरे. आक्षेप आहे तो वसुलीच्या रीतीवर. प्रारंभी ‘सात दिवस फुकट’ म्हणून कार्डाचा क्रमांक घ्यावयाचा, मुदत संपल्याची वार्ता न देता आकारणी सुरू करावयाची, आणि रद्द करण्याची वाट चार-पाच पडद्यांआड ठेवावयाची, अशी ही रीत. अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. मासिक वाटणारी योजना प्रत्यक्षात वर्षाच्या कराराची होती, आणि मध्येच सोडणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम घेण्याची अट ठळकपणे दाखविलेली नव्हती, असा त्यातील आरोप होता. कंपनीने तो नाकारला. तथापि अशा आकारणीने ग्राहकाची कोठे कोंडी होते, ते या प्रकरणाने स्पष्ट केले.

आपल्या देशात या बाबतीत काहीच झाले नाही असे नाही, हे मान्य केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वसुलीविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले. प्रथम नोंदणीच्या वेळी ग्राहकाची स्वतंत्र खातरजमा, प्रत्येक वसुलीपूर्वी किमान २४ तास सूचना, ती वसुली किंवा संपूर्ण आदेशच मागे घेण्याची सोय, आणि ठरावीक मर्यादेवरील रकमेसाठी पुन्हा मंजुरी, अशी ही व्यवस्था आहे. नियम पूर्णपणे लागू झाले तेव्हा ही मर्यादा ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० करण्यात आली. नियम लागू होताच अनेक परदेशी सेवांची वसुली अडली आणि धंदा बुडाल्याची ओरड झाली. ज्या धंद्याला ग्राहकाला एक दिवस आधी विचारणेही जड जाते, त्याची कमाई कशावर चालली होती, हा प्रश्न त्या ओरडीनेच उभा केला.

पाठोपाठ ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. ‘वर्गणीचा सापळा’ तर तीत आहेच. शिवाय सेवारूप सॉफ्टवेअरची छुपी आकारणी ही एक स्वतंत्र क्लृप्ती म्हणून तीत नमूद आहे. फुकट मुदत संपून आकारणी सुरू झाल्याची सूचना न देणे, न वापरलेल्या सोयींचे पैसे लावणे, ही उदाहरणे प्राधिकरणानेच दिली आहेत.

मग उणीव कोठे आहे? बँकेचा नियम पैसे खात्यातून निघण्याच्या क्षणी ग्राहकाला सावध करतो. पण कराराच्या अटींना तो हात लावत नाही. शिवाय ती सूचना बहुधा इंग्रजीत आणि जाहिरातींच्या संदेशांच्या गर्दीत येते. वसुली बँकेत थांबवली तरी करार संपला असे नव्हे. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून इंटरनेटवर केलेले असे करार तेथेच एका ठळक बटणाने संपविता येण्याची सक्ती केली. अमेरिकेत याच हेतूने ऑक्टोबर २०२४ मध्ये केलेला नियम मात्र न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कार्यपद्धतीतील त्रुटीवरून रद्द ठरविला. बलाढ्य कंपन्यांना आवर घालणारा नियम नुसता चांगला असून भागत नाही. तो पक्क्या पायावर उभा असावा लागतो, हा त्यातील धडा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. ज्या वाटेने आणि जितक्या श्रमात वर्गणी सुरू होते, त्याच वाटेने आणि तितक्याच श्रमात ती बंद झाली पाहिजे. वसुलीची सूचना ग्राहकाच्या भाषेत असली पाहिजे. वर्गणी संपली तरी स्वतः केलेले काम उघडून नेण्याचा हक्क कारागिराकडे राहिला पाहिजे. या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांच्या हाती एक साधे काम आहे. आपल्या परिसरातील छोट्या व्यावसायिकांना आणि विद्यार्थ्यांना बँकेत नोंदलेल्या चालू आदेशांची यादी पाहावयास शिकवावे, नको असलेले आदेश मागे घ्यावयास लावावे, आणि फसवणूक झाली असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करावा. ग्राहकाच्या मौनावर चालणारी वसुली त्याने तोंड उघडल्यावाचून थांबणार नाही.