अधिक व्याजाचें मोल

बँकेचा मनुष्य ‘ठेवीसारखेंच, पण व्याज अधिक’ असें म्हणून एखादा रोखा पुढें करूं लागला, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं सही करण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा असें आम्हांस वाटतें: बँकेस तोटा आल्यास तो सोसण्याच्या रांगेंत आमचा क्रमांक कितवा?

सामान्य नियम असा कीं, पहिला आघात भागधारकांनीं झेलावा, त्यापुढील अतिरिक्त भांडवली रोखेधारकांनीं, आणि ठेवीदार त्यांच्या पाठीशीं सुरक्षित राहावा. हे रोखे रूपानें कर्ज, परंतु प्रसंगीं भांडवल होत. त्यांस परतफेडीची ठराविक मुदत नसते; बँक डबघाईस आल्यास त्यांचें मूल्य शून्यही करतां येतें. अधिक व्याज मिळतें तें या जोखमीबद्दल.

येस बँकेनें ९ व ९.५ टक्के व्याजाचे असे रोखे काढले होते. मार्च २०२० मध्यें ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे एका फटक्यासरशीं निर्लेखित झाले. ठेवी वांचल्या, भागधारकांचे भागही उरले. मधल्यांचें मात्र सर्व गेलें. जानेवारी २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती कृति रद्द ठरविली. पुढें वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला.

ऑक्टोबर २०२० मध्यें सेबीनें या रोख्यांचा किमान व्यवहार १ कोटी रुपयांचा ठरविला. त्यामुळें लहान गृहस्थाच्या दारांतून ते दूर झाले. परंतु अधिक व्याजाचा मोह निराळ्या नांवानें पुन्हां येईल. तेव्हां निवृत्तीची पुंजी हातावेगळी करण्यापूर्वीं वरील प्रश्नाचें उत्तर लेखी मागावें.