‘पास ऑन’ म्हणजे नक्की काय?

आठवीच्या इंग्रजीच्या तासाला ‘हिज ग्रँडफादर पास्ड ऑन’ या वाक्याचा अर्थ विचारला, तेव्हा एका मुलाने उत्तर दिले, “त्याच्या आजोबांनी पुढे दिले.” “काय दिले?” असे विचारताच सगळा वर्ग हसला. वाक्याचा अर्थ, त्याचे आजोबा वारले. पण त्या मुलाचे फार चुकले असे आम्हाला वाटले नाही, कारण या क्रियापदाचे बाकीचे बरेच अर्थ देण्याघेण्याचेच आहेत.

‘पास ऑन द मेसेज’ म्हणजे निरोप पोचवा. डिझेल महागले की वाहतूकदार तो बोजा गिऱ्हाइकावर टाकतो, तेही ‘पास ऑन’. एकाची सर्दी दुसऱ्याला लागते, आजीच्या पाटल्या नातीकडे येतात, तिथेही हेच क्रियापद. मराठीत मात्र आपण निरोप पोचवतो, बोजा टाकतो, सर्दी लागते आणि दागिना सोपवतो. म्हणून विद्यार्थ्यांनी शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलू नये. वाक्यात कर्म आहे का आणि ते कोणते, हे आधी पाहावे. कर्म नसेल आणि कर्ता माणूस असेल, तर आजोबांच्या वाक्यासारखा अर्थ असू शकतो.

हे झाले व्याकरण. पण दागिना सोपवणे आणि सर्दी लागणे यांतला फरक आम्हाला पालकांपुढेही ठेवावासा वाटतो.

उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, तरी मराठी वस्ती इथे राहिली. त्या काळचे मराठी कागदपत्र मोडी लिपीत लिहिले जात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी व्यवहारातून आणि शाळांतून गेली. आज एखाद्या घरात जुन्या कागदांचा रुमाल जपून ठेवलेला असला, तरी तो सोडून वाचणारा मिळणे कठीण. कागद पुढच्या पिढीच्या हाती आले, वाचन मागेच राहिले.

मराठी बोलण्याचेही तसेच होऊ लागले आहे का? गणपतीत रामदासांची आरती मुले खड्या आवाजात म्हणतात, पण तिचा अर्थ हिंदीतून विचारतात. आई मराठीत बोलते, मूल हिंदीत उत्तर देते आणि “समजतं ना, मग झालं” असे म्हणून आपण समाधान मानतो. हिंदी आणि माळवी याही आपल्याच आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण जे मूल आज मराठी फक्त ऐकते, ते उद्या आपल्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलेल?

भाषा पाटल्यांसारखी डबीतून काढून सोपवता येत नाही. ती सर्दीसारखी, जवळ बसल्याने लागते! सर्दीसाठी कोणी शिकवणी लावत नाही. शाळेतले मराठीचे तास हवेतच, पण ते पुरणार नाहीत.

म्हणून पालकांना नम्र विनंती. रात्रीच्या जेवणाला सर्वांनी मराठीतच बोलावे, मुलांनी उत्तरही मराठीतच द्यावे. चुकले तर हसू नये, वाक्य नीट करून पुन्हा म्हणावे. आजी-आजोबांनी रोज एक आठवण सांगावी. लिपीची अडचण नाहीच. देवनागरी मुलांना येते, हिंदीच्या वर्णमालेत नसलेला ‘ळ’ तेवढा घोटून घ्यावा लागेल.

आठवीतल्या त्या मुलाला आम्ही पूर्ण गुण दिले नाहीत. पण ‘आजोबांनी पुढे दिले’ हे वाक्य आपल्या प्रत्येक घराबद्दल खरे ठरावे, असे मनापासून वाटते.