राँग टर्नचा दुसरा भाग आणि आपली पोरं

'राँग टर्न'चा दुसरा भाग पाहिलेल्या पोरांची मतं मी ऐकत आलोय. जळगावची पोरं, धुळ्याची पोरं, आणि पोटासाठी मुंबईला येऊन गोदीत, नाक्यावर राबणारी आपलीच खान्देशी पोरं. पिच्चर जुना, २००७ चा. आपल्याकडं तो मेमरी कार्डात भरून आला आणि अजून मोबाइलवर चालूच आहे. मतं अशी :

"भो, काय पिच्चर शे! बाईले उभी चिरी टाकी!"

"पहिल्या भागात गोष्ट होती, दुसऱ्यात नुसतं रक्त. पैसा वसूल." (फुकटात पाहिलेल्या पिच्चरचा पैसा कसा वसूल होतो ते त्यालाच ठाऊक.)

"जेवताना लावू नको."

"भीती कसली, हसू येतं."

आणि धुळ्याचा एकजण, चांगला शिकलेला, बिडी विझवत शांतपणे म्हणाला, "आपल्याकडं बी आहेत तसले. सातपुड्यात जाऊन पहा."

बाकीची मतं सोडा. हे शेवटचं काही मला सोडत नाही.

आधी एक सांगून टाकतो. रक्ताला माझा विरोध नाही. पडद्यावर आतडी दिसली म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा ह्याच सोवळ्या नाकांना घाण वास आला होता. रक्त, पू, गटार हे शब्द कवितेत आले की ह्यांच्या सौंदर्यशास्त्राला वांती होते. सफाई कामगार गटारात गुदमरून मेला की मात्र ह्यांचं पोट शांत असतं. त्यामुळं 'असले हिंसक चित्रपट तरुण पिढी बिघडवतात' हे रडगाणं मी गाणार नाही. बंदी घाला, सेन्सॉर करा, हेही म्हणणार नाही. सेन्सॉरची कात्री कुणाच्या हातात असते आणि ती आधी कुणाची जीभ कापते हे आपल्याला सांगायला नको.

माझं भांडण पडद्याशी नाही, बघणाऱ्याशी आहे. म्हणजे आपल्याशीच.

पिच्चरमध्ये आहे काय? अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनियाचं जंगल. (शूटिंग मात्र कॅनडात.) शहरातली पोरंपोरी टीव्हीच्या कार्यक्रमासाठी 'जगून दाखवा'चा खेळ खेळायला येतात. म्हणजे जंगलातल्या माणसाचं रोजचं जगणं ह्यांना बक्षिसासाठी खेळायचंय. मग वाकड्या तोंडाची, सडक्या दातांची माणसं येतात आणि ह्यांना कापून खातात. हेन्री रोलिन्स नावाचा नट निवृत्त फौजी झालाय, तो धनुष्यबाण घेऊन लढतो. एक काळा पोरगा शेवटपर्यंत जिवंत राहतो, एवढी एक गोष्ट मात्र बरी. असल्या पिच्चरात काळा माणूस बहुतेक आधीच मारला जातो.

पण ती माणसं वाकडी का झाली? पिच्चरमध्येच सांगितलंय. म्हातारं पात्र आहे, ते बोलतं. कागदाच्या लगद्याची गिरणी होती, तिनं रसायन पाण्यात सोडलं. गिरणी बंद झाली, मालक गेला, रसायन राहिलं. त्या पाण्यावर वाढलेल्यांच्या पोटी हे जन्मले. अगदी शेवटी तान्हं पोर आहे आणि त्याच्या तोंडात जातंय तेच रसायन.

मी विचारलं, गिरणीचा मालक कुठं आहे रे पिच्चरमध्ये? कुणी सांगू शकलं नाही. कारण तो नाहीच. त्याच्या पोटात कुणी कुऱ्हाड घातली नाही, कुणी त्याला ग्राइंडरमध्ये ढकललं नाही. तो सुरक्षित. टाळ्या वाजतात त्या वाकड्या तोंडाचा माणूस मरतो तेव्हा.

हे जळगावच्या पोराला कळू नये? जिथं खान्देश मिलचा भोंगा वाजायचा तिथं आज बाजारसंकुल आहे. धुळ्याची प्रताप मिल बंद पडली. त्या कामगारांची घरं कशी वाकडी झाली, कोण हमालीला लागलं, कोण दारूत बुडालं, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांचीच नातवंडं आज मोबाइलवर बंद गिरणीचे राक्षस पाहून हसतात. साला, राक्षस तुमच्याच आळीतला आहे.

आणि ते वेस्ट व्हर्जिनिया कुठलं? कोळशाच्या खाणींचं. १९२१ साली तिथं ब्लेअर डोंगरावर सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन उभे राहिले होते. गळ्यात लाल रुमाल. गोरे, काळे, परदेशातून आलेले, सगळे एकत्र. खाणमालकांनी पोसलेल्या शेरीफच्या फौजेशी ते लढले, शेवटी सरकारी लष्कर आणावं लागलं. त्याच डोंगराळ माणसांचं सिनेमावाल्यांनी पुढं काय केलं? दात सडलेला, आईबहीण न ओळखणारा नरभक्षक. युनियन करणाऱ्याचा हा असा सूड. २००३ ते २०१४ पर्यंत सहा भाग काढले, आणि २०२१ ला नव्यानं सुरुवात.

आपल्याकडं निराळं नाही. हिंदी पिच्चरातला आदिवासी आठवा. अंगाला काळं फासून, डोक्यात पिसं खोवून झिंगालाला करणारा, हिरोइनीला खांबाला बांधणारा. रॅमसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ ला आला, त्याच्यामागून १९८५ ला 'सामरी'. त्यातला सैतान कोण? राजानं मुंडकं उडवून पेटीत बंद केलेला माणूस. मुंडकं उडवणारा राजा खानदानी, आणि आपण घाबरायचं कुणाला तर पेटीतल्याला!

तर सातपुडा. धुळ्याच्या मित्रा, सातपुड्यात 'तसले' कोण आहेत ते ऐक. १८५७-५८ ला इंग्रजांच्या फौजेशी लढलेल्या खाज्या नाईकाचे भिल्ल आहेत. त्यांना मोडायला १८२५ मध्येच औट्रमनं खान्देश भिल्ल पलटण उभी केली होती, तिचं ठाणं आपल्या धरणगावात. सत्तरीच्या सुरुवातीला शहाद्यात, तेव्हा ते धुळे जिल्ह्यातच होतं, जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उठलेले अंबरसिंग सुरतवंतीचे साथी आहेत. पण तुझ्या डोळ्यात हे नाही, तुझ्या डोळ्यात राँग टर्न आहे.

पिच्चरनं माणूस खुनी होतो असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, डोळा तयार होतो. कुणाला पाहिल्यावर किळस यावी, कुणाला मारलं की हायसं वाटावं, हे डोळा शिकतो. आणि तो एकट्या सिनेमाकडून शिकत नाही. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला. डोळा गेला नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं. डवर वाजवून भिक्षा मागायची ही त्यांची परंपरा, पोटासाठी मुलूख फिरायचा. 'पोरं पळवणारी टोळी आली' ही अफवा आधीच फोनाफोनांतून फिरत होती. पाचही जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. मोबाइल वर धरून लोक ते टिपत होते.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे पोर उचलून नेतात. तो कराचीत बनवलेला जागृतीचा छोटा पिच्चर होता. शेवटी ते दोघे पोर परत आणून देतात आणि सावध राहा असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. अर्धा पिच्चर लोकांनी खरा मानला आणि माणसं मारली.

राईनपाडा आदिवासी पट्ट्यातलं गाव आहे, हेही लपवायचं नाही. सिनेमानं ज्यांना जंगली ठरवलं, त्यांच्या मुलखात त्याहून फाटका, पालातला माणूस राक्षस ठरला. आपल्या व्यासपीठावर ही गोष्ट कुणाला आवडत नाही. सवर्णानं मारलं तर आपली घोषणा तयार असते. फाटक्यानं फाटक्याला मारलं की माइक बंद पडतो. च्यायला, डोळा सगळ्यांना एकाच दुकानातून मिळालाय हे बोलायचं कधी? त्याच दिवसांत मालेगावात अशाच अफवेवरून जमावानं बाहेरगावच्या माणसांना घेरलं होतं, बरोबर लहान पोर. तिथं वस्तीतल्या लोकांनी आणि पोलिसांनी त्यांना वाचवलं. म्हणजे वाचवता येतं.

राईनपाड्याच्या आधी तीनच आठवडे, १० जून २०१८ ला, जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातलं वाकडी. मातंग समाजाची अल्पवयीन पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून पट्ट्यानं, काठीनं मारलं. पोरं पाल्यानं अंग झाकतायत. ह्याचाही व्हिडिओ. तो कुणी कुणी पुढं पाठवला? मारणाऱ्यांनी पाठवला मौज म्हणून. आणि आपण पाठवला, खाली 'जय भीम' लिहून, निषेध म्हणून. मोठमोठ्या पुढाऱ्यांनीही टाकला. त्या पोरांचं नागडं अंग जेवढं मारणाऱ्यांनी दाखवलं त्याच्या शंभरपट आपण दाखवलं.

इथं मला अडवणारे मित्र आहेत आणि त्यांचं म्हणणं फुसकं नाही. ते म्हणतात, व्हिडिओ बाहेर आला म्हणून वाकडीचा गुन्हा नोंदला गेला. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली तेव्हा महाराष्ट्र पेटायला महिनाभर लागला. तो पेटला त्यात प्रेतांच्या फोटोंचाही हात होता. नुसत्या शब्दावर आपल्यावर विश्वास कोण ठेवतो? खरं आहे. दलिताला पुरावा दाखवावा लागतो, तोही अंगावरचा.

पण पुरावा आणि पिच्चर यात फरक करा. पुरावा पोलिसांकडं, वकिलाकडं, कोर्टाकडं जातो आणि त्याच्या मागं माणूस जातो, तक्रार जाते, मोर्चा जातो. पिच्चर ग्रुपात जातो. तिथं वाकडीची पोरं, राईनपाड्याची खोली आणि राँग टर्नची उभी चिरलेली बाई एकाखाली एक येतात, अंगठा तिन्हीवर सारखाच फिरतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, अजून आहे का रे तसलं? म्हणजे दुसरा भाग.

राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं जाहीर केलं, भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल. सुप्रीम कोर्टानं १७ जुलैला झुंडबळी रोखण्यासाठी निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात एक पोलीस अधिकारी जबाबदार धरला. तुमच्या जिल्ह्यातला तो अधिकारी कोण, हे तुमच्या शाखेत किती जणांना माहीत आहे? राँग टर्नच्या कुठल्या भागात कोण कसा मरतो हे सगळ्यांना पाठ.

तर माझं मागणं एवढंच. ज्यांच्या फोनात वाकडीचा व्हिडिओ अजून आहे त्यांनी तो आजच पुसावा. असा नवीन काही आला तर तो ग्रुपात न टाकता एकानं जपून ठेवायचा, कुठून आला, कुणी पाठवला, किती वाजता, हे लिहून घ्यायचं आणि दोघांनी मिळून ठाण्यात जायचं. ठाण्यात घेत नसतील तर एसपीकडं लेखी द्यायचं, पोच घ्यायची. बाकी राँग टर्न खुशाल पहा. तिसरा भाग लावाल तेव्हा मलाही बोलवा. मी मधेच पिच्चर थांबवून गिरणीच्या मालकाचं नाव विचारणार, तेव्हा शिव्या घालू नका.