आधी मोजमाप, मग खर्च

व्यापारी घराण्यांत कोणतीही जुनी वस्तू मोडीत घालण्यापूर्वी तिचे उरलेले मोल पाहण्याची रीत आहे. हीच कसोटी घरातील जुन्या मोटारीला लावावी काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. मारुती ८०० ही छोटी गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत ती अनेक दुकानदारांच्या घरची पहिली मोटार ठरली. आजही काही घरांत ती सांभाळून ठेवलेली दिसते. अशा गाडीने निळा धूर सोडावयास आरंभ केला, की भंगारवाला आणि गॅरेज हे दोनच मार्ग सुचतात. तिसराही एक मार्ग आहे. तो म्हणजे घरीच इंजिन उघडून नव्याने बांधणे.

गतवर्षी माझ्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंच्या गाडीपुरता हा प्रश्न आमच्याच घरात आला. एका गॅरेजने गाडीभोवती फेरी मारून सांगितले, की इंजिन संपले आहे. जुन्या बाजारातून दुसरे आणून बसवावे. त्यासाठी वहिनींना आपली एक मुदतठेव मोडावी लागणार होती. ठेव मोडू नये आणि गाडीही जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे इंजिन विकत घेणे, म्हणजे न पाहिलेला जामीन स्वीकारणे होय, असे मी त्यांना म्हणालो. यंत्राची आवड असलेल्या पुतण्याने हाती पाना घेतला. नोंदवही मी घेतली.

या गाडीचे इंजिन घरगुती कामास अनुकूल आहे. सिलिंडर तीनच, प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. हिशेबाची आवड असणाऱ्या वाचकांनी गुणाकार करून पाहावा. तिन्हींचे मिळून ७९६ घनसेंटिमीटर येतात. गाडीच्या नावातील आठशेचा उगम हाच. भाग मोजके, सुटे भाग अद्याप मिळणारे आणि रचना सरळ.

तरीही पहिले काम पान्याचे नव्हे, निदानाचे. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. वेग वाढवताना तो सतत येत असेल, तर रिंगांवर. काळा धूर जादा पेट्रोल सांगतो. गरम इंजिनातूनही दाट पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी घटत गेले, तर हेड गॅस्केट तपासावे. त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. ते कमी भरले, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती रिंगांपाशी आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटपाशी. आमच्या गाडीत तिन्ही आकडे चढले. इंजिन उघडणे आवश्यक आहे, हे सिद्ध झाले. ते संपले आहे, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नव्हते.

इंजिन बाहेर काढण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची नळी बंद करावी आणि इंजिन चेन ब्लॉकनेच उचलावे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खोलताना प्रत्येक नळीला व वायरीला चिठ्ठी बांधावी, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या आणि क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या ज्याच्या त्यालाच आणि त्याच दिशेने बसवावयाच्या असतात. म्हणून त्यांवर आधीच खुणा कराव्यात. येथे अदलाबदल झाली तर नवे बेअरिंगही टिकत नाही.

यापुढील टप्पा घरच्या अंगणात होत नाही. ब्लॉक, क्रँक आणि हेड घेऊन आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका मशीन शॉपमध्ये गेलो. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी नसते. वरची रिंग जेथून परत फिरते, तेथे ती सर्वाधिक होते. म्हणून व्यास वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा असा दोनदा मोजतात. झीज मर्यादेबाहेर असेल, तर रीबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. आमची मापे पुस्तिकेतील मर्यादेच्या आत निघाली. क्रँकही शाबूत होता. त्यामुळे केवळ होनिंग, म्हणजे नव्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या बारीक रेघा ओढणे, व्हॉल्व्हची बैठक घासणे आणि हेडची पातळी तपासणे एवढ्यावर काम भागले. नव्या रिंगा, बेअरिंग, सील, गॅस्केट संच आणि टायमिंग बेल्ट घेतले. सर्व पावत्या जोडून बेरीज केली, तेव्हा ठेवीला हात लावावा लागणार नाही हे स्पष्ट झाले.

जोडणीत घाई वर्ज्य. प्रत्येक भाग धुऊन, ऑइल लावूनच बसवावा. रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नयेत. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. टायमिंगच्या खुणा जुळवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. प्रथम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. पहिले हजार किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवावी आणि नवे ऑइल लवकर बदलावे. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये; ते जमा करणाऱ्याकडे द्यावे. सूक्ष्म जीवांची काळजी वाहणाऱ्या आपल्या घरांना याचे कारण निराळे सांगणे नको.

कागदपत्रांचाही एक लाभ ध्यानात घ्यावा. इंजिनचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि नोंदणी पुस्तकात तोच असतो. जुनाच ब्लॉक ठेवल्यास नोंद कायम राहते. दुसरे इंजिन घातल्यास परिवहन कार्यालयात बदल नोंदवून घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतन करावी लागते. त्या वेळी क्रमांक न जुळणे त्रासदायक ठरते.

प्रत्येकाने हा उद्योग करावा, असे मात्र मी म्हणणार नाही. ब्लॉकला तडा असेल, गाडीचा पत्रा तळातून गंजला असेल किंवा घरात शांतपणे काम करणारे हात नसतील, तर गाडी सोडून देणेच शहाणपणाचे. परंतु तो निर्णयही मोजमापानंतरचा असावा. दुरुस्ती असो वा कर्ज, जो आकडे न दाखवता मोठी रक्कम मागतो, त्याच्याकडे आधी आकडे मागावेत. आमच्या पुतण्याची वही आता त्या गाडीच्या कागदपत्रांसोबतच ठेवली आहे. पुढे ज्याच्या हाती ती गाडी जाईल, त्याला प्रत्येक सिलिंडरचे माप तीत लिहिलेले सापडेल.